परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची उमेदवारी आणि तेथील आयकर

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे ही एके काळी मोजक्या घराण्यांची गोष्ट होती. आज तालुक्याच्या गावातील शिक्षकाचा मुलगा, सहकारी साखर कारखान्यातील कारकुनाची मुलगी आणि शासकीय शिष्यवृत्तीवर शिकलेला शेतमजुराचा मुलगा अमेरिकेतील विद्यापीठांत दिसू लागला आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,६३,०१९ होती आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी कर्ज काढून गेलेले असतात. घर किंवा शेत तारण ठेवून उभी केलेली ही रक्कम फेडण्याची पहिली आशा म्हणजे शिक्षण चालू असताना मिळणारे उमेदवारीचे वेतन.

या वेतनावर कर किती, तो कोणत्या देशाने घ्यावयाचा आणि कोणत्या नियमाने, याची माहिती मात्र विद्यार्थ्यास जाताना क्वचितच दिली जाते. प्रवेश, व्हिसा, विमानाचे तिकीट आणि राहण्याची सोय यांतच सारा वेळ जातो. परिणामी देणे नसलेला कर कापला गेला तरी विद्यार्थी गप्प बसतो, किंवा याउलट चुकीच्या नमुन्यावर विवरणपत्र भरून न मिळणाऱ्या सवलती घेऊन बसतो. पहिल्या प्रकारात पैसा जातो. दुसऱ्या प्रकारात आज पैसा मिळतो, पण पुढे तो व्याजासह परत करण्याची पाळी येते. दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी समजून घ्यावयाची मुख्य गोष्ट एकच आहे. या विद्यार्थ्यांसाठी कायद्यात आणि दोन देशांमधील करारात सवलती आहेत. परंतु त्या आपोआप पदरात पडत नाहीत, योग्य कागदावर योग्य वेळी मागाव्या लागतात.

उमेदवारीचे दोन प्रकार

अमेरिकेत पूर्णवेळ शिक्षणासाठी जाणाऱ्यास सामान्यतः ‘एफ-१’ या वर्गाचा व्हिसा मिळतो. या व्हिसावर कोठेही नोकरी करण्याची मुभा नसते. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरील उमेदवारीचे, ज्यास आता सर्वत्र इंटर्नशिप म्हणतात, दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या प्रशिक्षणाचा. तो ‘सीपीटी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पुरे झाल्यावर विद्यापीठाचा अधिकारी ‘आय-२०’ या कागदावर त्याची परवानगी नोंदवितो. दुसरा मार्ग अभ्यासक्रमाशी संबंधित ऐच्छिक प्रशिक्षणाचा, म्हणजे ‘ओपीटी’चा. तो बहुधा पदवीनंतर घेतला जातो, त्याची मुदत १२ महिने असते आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील पात्र पदवीधरांस आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात. यासाठी तेथील केंद्र शासनाकडून कामाचे परवानापत्र घ्यावे लागते.

करकायद्याच्या दृष्टीने या दोन्ही प्रकारांत मिळणारा मोबदला हे वेतनच होय. कंपनीने त्यास ‘स्टायपेंड’ म्हटले म्हणून तो करमुक्त होत नाही. उन्हाळ्यातील उमेदवारीसाठी घरभाड्यापोटी किंवा प्रवासापोटी रोख भत्ता दिला, तर तोही सामान्यतः वेतनातच धरला जातो. कापणी न करता पूर्ण रक्कम हाती आली म्हणजे कर नाही, अशीही एक समजूत आढळते. कर कापला न जाणे आणि कर देय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निवासी की अनिवासी?

अमेरिकेचा आयकर कोणावर कसा बसतो, हे तो मनुष्य करकायद्याच्या दृष्टीने ‘निवासी’ आहे की ‘अनिवासी’ यावर ठरते. निवासी असल्यास त्यास जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. अनिवासी असल्यास मुख्यतः अमेरिकेत मिळविलेल्या उत्पन्नापुरताच प्रश्न उरतो.

परदेशी माणूस निवासी केव्हा होतो, यासाठी दिवस मोजण्याची एक कसोटी आहे. चालू वर्षात किमान ३१ दिवस अमेरिकेत वास्तव्य असावे आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, त्याच्या आधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक-तृतीयांश व त्याही आधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक-षष्ठांश यांची बेरीज १८३ वा अधिक व्हावी, असा हा हिशेब आहे. केवळ या हिशेबाने पाहिले तर बहुतेक विद्यार्थी पहिल्या पूर्ण वर्षातच निवासी ठरले असते. परंतु कायद्याने विद्यार्थ्यांसाठी अपवाद केला आहे. एफ-१ किंवा त्यासारख्या विद्यार्थी-व्हिसावरील व्यक्तीचे पाच कॅलेंडर वर्षांपर्यंतचे दिवस या कसोटीत धरलेच जात नाहीत. म्हणून या पाच वर्षांत विद्यार्थी सर्वसाधारणपणे अनिवासीच राहतो.

येथे ‘पाच कॅलेंडर वर्षे’ हे शब्द नीट ध्यानात घेतले पाहिजेत. कॅलेंडर वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते आणि त्यातील एक दिवस जरी विद्यार्थी तेथे असला तरी ते संपूर्ण वर्ष खर्ची पडते. ऑगस्ट २०२० मध्ये गेलेल्या संशोधक विद्यार्थ्याची पाच वर्षे २०२०, २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ ही झाली. १ जानेवारी २०२५ पासून त्याचे दिवस मोजले जाऊ लागले. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रासाठी जाणारा विद्यार्थी २८ डिसेंबरला उतरला, तर त्या चार दिवसांपोटी त्याचे एक वर्ष संपते. तोच २ जानेवारीस उतरला असता तर ते वर्ष शिल्लक राहिले असते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर तीन वर्षे उमेदवारी करू इच्छिणाऱ्यास हे शिल्लक वर्ष शेवटी उपयोगी पडते. विमानाचे तिकीट काढताना दर पाहतात, तशी ही तारीखही पाहिली पाहिजे. मात्र विद्यापीठाने हजर होण्यासाठी दिलेली तारीख चुकता कामा नये, हे सांगावयास नकोच.

ही पाच वर्षे आयुष्यभराच्या हिशेबातील आहेत. पूर्वी विद्यार्थी-विनिमय योजनेत ‘जे-१’ व्हिसावर विद्यार्थी म्हणून तेथे घालविलेली वर्षेही त्यांत धरली जातात.

भारत-अमेरिका करार व त्याचे २१ वे कलम

अमेरिकेतील निवासी करदात्यास एकूण उत्पन्नातून एक ठरावीक रक्कम, म्हणजे प्रमाणित वजावट, वगळता येते. २०२५ या वर्षासाठी एकट्या व्यक्तीकरिता ही रक्कम १५,७५० डॉलर होती. अनिवासी परदेशी व्यक्तीस ही वजावट मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे जगातील बहुतेक देशांतून आलेल्या विद्यार्थ्याच्या वेतनावर पहिल्या डॉलरपासून कर बसू शकतो.

भारतीय विद्यार्थ्याचे तसे नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्ली येथे झाला आणि १८ डिसेंबर १९९० पासून तो अंमलात आला. या कराराचे २१ वे कलम विद्यार्थी आणि व्यवसायाचे शिक्षण घेणारे उमेदवार यांच्यासाठी आहे. त्याचे दोन परिच्छेद विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिल्या परिच्छेदाप्रमाणे विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी, शिक्षणासाठी किंवा प्रशिक्षणासाठी यजमान देशाबाहेरून येणाऱ्या रकमेवर तो देश कर घेत नाही. वडिलांनी गावाहून पाठविलेले पैसे, भारतातील बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेतून मिळणारी रक्कम यांवर अमेरिकेत कराची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा परिच्छेद यजमान देशात मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा आणि नोकरीच्या वेतनाचा आहे. अशा उत्पन्नाच्या बाबतीत विद्यार्थ्यास त्या देशाच्या निवासी लोकांना मिळणाऱ्याच सूट व सवलती मिळतील, असे त्यात म्हटले आहे. याच परिच्छेदाच्या आधारे भारतीय विद्यार्थी अनिवासी असूनही प्रमाणित वजावट घेऊ शकतो. करार दोन्ही बाजूंनी सारखाच लागू असल्याने पुण्यात शिकावयास आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यासही भारतात या कलमाचा आधार आहे. ही सवलत शिक्षण वा प्रशिक्षण पुरे होण्यास वाजवी असेल अथवा सामान्यतः लागत असेल तेवढ्याच काळापुरती आहे, अशी मर्यादा तिसऱ्या परिच्छेदात घातली आहे.

सामाजिक सुरक्षा कर

आयकराखेरीज वेतनातून कापल्या जाणाऱ्या आणखी दोन रकमा आहेत. निवृत्तिवेतनासाठी सामाजिक सुरक्षा कर ६.२ टक्के आणि वृद्धांच्या औषधोपचारासाठी मेडिकेअर कर १.४५ टक्के, असे मिळून ७.६५ टक्के कामगाराच्या वेतनातून जातात आणि तितकीच रक्कम मालक आपल्याकडून भरतो. आपल्याकडील भविष्य निर्वाह निधीप्रमाणे ही रक्कम नावावर साठून नोकरी सोडताना परत मिळत नाही.

अनिवासी असलेल्या एफ-१ विद्यार्थ्यास परवानगी घेऊन केलेल्या कामासाठी हे दोन्ही कर माफ आहेत. ही माफी सीपीटी व ओपीटी या दोन्ही काळांत, पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत, चालू राहते. विद्यार्थी-व्हिसा जाऊन नोकरीचा ‘एच-१बी’ दर्जा मिळाला की त्या दिवसापासून माफी संपते.

व्यवहारात अडचण येते ती येथेच. मोठ्या कंपन्यांच्या वेतन विभागास हा नियम ठाऊक असतो. पण ज्या छोट्या कार्यालयात पूर्वी परदेशी विद्यार्थी कधी कामाला आलेला नसतो, तेथे इतर नोकरांप्रमाणे त्याच्याही वेतनातून ७.६५ टक्के कापले जातात. पहिल्याच वेतनचिठ्ठीवर हे दोन रकाने पाहणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. कपात दिसल्यास प्रथम मालकाकडेच परतावा मागावयाचा असतो. त्याने नकार दिला किंवा दाद दिली नाही, तर फॉर्म ८४३ आणि त्यासोबत फॉर्म ८३१६ भरून अमेरिकेच्या आयकर खात्याकडे मागणी करता येते. परताव्याच्या मागणीस सर्वसाधारणपणे विवरणपत्र दाखल केल्यापासून तीन वर्षे किंवा कर भरल्यापासून दोन वर्षे, यांपैकी नंतर संपणारी मुदत असते. तीन वर्षांपूर्वीचा पैसा आठवून उपयोग होत नाही.

एक हिशेब

आकडे घेऊन पाहिले म्हणजे या दोन सवलतींचे मोल ध्यानात येते. समजा, नाशिक जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी ऑगस्ट २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिने बारा आठवडे उमेदवारी केली. आठवड्याला ४० तास आणि तासाला ३० डॉलर या दराने तिचे वेतन १४,४०० डॉलर झाले. वर्षभरात तिला दुसरे उत्पन्न नाही.

करारातील प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर असल्यामुळे तिचे करपात्र उत्पन्न शून्य होते. केंद्र शासनाचा आयकर काहीही द्यावयाचा नाही. वर्षभरात काही कर कापला गेला असेल तर तो पूर्ण परत मिळतो. अनिवासी असल्यामुळे सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर हे करही लागत नाहीत.

आता तिने कराराची सवलत मागितलीच नाही आणि दुसरी कोणतीही वजावट तिच्याजवळ नाही, असे धरू. २०२५ च्या दराने पहिल्या ११,९२५ डॉलरवर दहा टक्के म्हणजे १,१९२.५० डॉलर आणि उरलेल्या २,४७५ डॉलरवर बारा टक्के म्हणजे २९७ डॉलर, असा १,४८९.५० डॉलर आयकर होतो. मालकाने चुकून ७.६५ टक्के कापले असतील तर ते आणखी १,१०१.६० डॉलर. दोन्ही मिळून २,५९१.१० डॉलर झाले. एका डॉलरचे ८५ रुपये धरले, तर ही रक्कम सुमारे २ लाख २० हजार रुपये भरते. शैक्षणिक कर्जाचे कित्येक हप्ते त्यातून भागले असते. ही रक्कम तिच्याजवळ राहणे वा न राहणे हे केवळ दोन-तीन कागदांवर अवलंबून आहे.

राज्यांचा वेगळा कर

अमेरिकेत केंद्राबरोबरच बहुतेक राज्येही स्वतंत्र आयकर घेतात. टेक्सास, फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन यांसारख्या काही राज्यांत वेतनावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये केंद्र शासनाने परदेशांशी केलेल्या करकरारांतील सवलती मानीत नाहीत. तेथे राज्याच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे हिशेब करावा लागतो. शिवाय विद्यापीठ एका राज्यात आणि उन्हाळ्याची उमेदवारी दुसऱ्या राज्यात, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी जेथे काम केले त्या राज्यातही विवरणपत्र भरण्याची जबाबदारी येऊ शकते. केंद्राचा कर शून्य आला म्हणजे राज्याचाही शून्यच, असे गृहीत धरू नये.

कागद कोणते आणि केव्हा

उमेदवारीच्या पहिल्या दिवशी कंपनी ‘डब्ल्यू-४’ हा फॉर्म भरून घेते. त्यावरून वेतनातून किती कर कापावयाचा हे ठरते. अनिवासी व्यक्तीने हा फॉर्म भरण्याचे नियम वेगळे आहेत आणि त्यांत भारतीय विद्यार्थ्यांसाठी पुन्हा निराळी तरतूद आहे. म्हणून शेजारच्या टेबलावरील अमेरिकन सहकाऱ्याचा फॉर्म पाहून आपला भरू नये. वेतन मिळण्यासाठी व विवरणपत्रासाठी सामाजिक सुरक्षा क्रमांकही लागतो. कर माफ असला तरी क्रमांक घ्यावा लागतो, याचा घोटाळा होऊ देऊ नये.

वर्ष संपल्यावर ३१ जानेवारीच्या सुमारास मालकाकडून ‘डब्ल्यू-२’ हे वेतन व करकपातीचे प्रमाणपत्र येते. आपल्याकडील नोकरदारांस मालकाकडून मिळणाऱ्या करकपातीच्या प्रमाणपत्राचाच हा भाऊबंद म्हणता येईल. त्याच्या आधारे अनिवासी विद्यार्थ्याने ‘१०४०-एनआर’ या नमुन्यावर विवरणपत्र भरावयाचे असते. त्याची नेहमीची मुदत १५ एप्रिल ही आहे. प्रमाणित वजावटीचा आकडा वजावटीच्या रकान्यात विद्यार्थ्यास स्वतःच भरावा लागतो.

याशिवाय ‘८८४३’ हा फॉर्म आहे. आपण विद्यार्थी असल्याने आपले दिवस निवासाच्या कसोटीत धरू नयेत, हे सांगणारे ते निवेदन होय. वर्षभरात एक डॉलरही मिळविला नसला तरी अनिवासी विद्यार्थ्याने हा फॉर्म दरवर्षी पाठवावयाचा असतो. विवरणपत्र भरावयाचे असल्यास तो त्याच्याच सोबत जातो. अन्यथा त्याची मुदत १५ जून असते. उमेदवारी मिळालेली नाही म्हणून पहिल्या वर्षी अनेक विद्यार्थी हा फॉर्म विसरतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘१०४०-एनआर’ऐवजी निवासी लोकांचा ‘१०४०’ हा नमुना भरणे. बाजारातील काही संगणकीय सोयी केवळ निवासी करदात्यांसाठीच असतात आणि विद्यार्थी त्यांतच आपले आकडे भरून मोकळा होतो. त्यामुळे अनिवासी व्यक्तीस सामान्यतः न मिळणारी शिक्षणखर्चाची सूट त्याच्या खात्यात जमा होते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीच्या काळात अमेरिकन शासनाने नागरिकांना व निवासी लोकांना मदतीचे धनादेश पाठविले, तेव्हा चुकीच्या नमुन्यामुळे काही अनिवासी विद्यार्थ्यांच्या हातीही ते पडले आणि ते परत करण्यास सांगण्यात आले. अशी चूक लक्षात आल्यास सुधारित विवरणपत्र भरता येते. पुढे स्थायी वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वेळ आल्यास मागील वर्षांची विवरणपत्रे पाहिली जाऊ शकतात. त्या वेळी खुलासा करीत बसण्यापेक्षा आधीच दुरुस्ती केलेली बरी.

पाच वर्षांनंतर

पाच कॅलेंडर वर्षे संपल्यावर विद्यार्थी दिवसांच्या कसोटीने निवासी ठरू लागतो. तेव्हा चित्र पालटते. प्रमाणित वजावटीसाठी कराराचा आधार लागत नाही, ती निवासी म्हणूनच मिळते. परंतु उमेदवारीच्या वेतनावरील ७.६५ टक्क्यांची माफी जाते आणि भारतातील उत्पन्नही अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते.

ग्रामीण भागातील कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे अशी यात एक गोष्ट आहे. निवासी ठरलेल्या व्यक्तीच्या अमेरिकेबाहेरील सर्व बँक खात्यांतील शिलकांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली, तर त्या खात्यांची माहिती अमेरिकन शासनास कळवावी लागते. वडिलांच्या खात्यावर किंवा ठेवीवर मुलाचे नाव सहज लावलेले असते. पैसा वडिलांचा असला तरी संयुक्त नावामुळे ते खाते या हिशेबात येऊ शकते. हा कर नव्हे, केवळ माहिती देण्याचे बंधन आहे. पण ते न पाळल्यास दंड मोठा होऊ शकतो.

भारतातील जबाबदारी

विद्यार्थी परदेशी गेला म्हणजे भारताच्या आयकर कायद्याशी त्याचा संबंध सुटला, असे नाही. भारतात निवासाची मोजणी एप्रिल ते मार्च या वर्षाने होते. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी असते. तसेच वर्षात ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस येथे राहिलेली व्यक्तीही निवासी ठरते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या आणि परदेशातून केवळ भेटीस येणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी साठ दिवसांच्या अटीत सवलत आहे. १९६१ च्या अधिनियमातील ही मूळ चौकट, १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविलेल्या २०२५ च्या आयकर अधिनियमातही कायम आहे.

ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी निघणारा विद्यार्थी त्या वर्षात साठांहून अधिक दिवस भारतात राहिलेला असतो आणि मागील चारही वर्षे तो येथेच असतो. म्हणून प्रस्थानाच्या वर्षी तो बहुधा भारताचा निवासी ठरतो. नंतरच्या वर्षांत तो सुटीपुरता घरी येत असेल तर सामान्यतः अनिवासी राहतो आणि अमेरिकेत काम करून तेथेच मिळविलेल्या वेतनावर भारतात कर लागत नाही.

कायमचे परत येण्याचे वर्ष मात्र सांभाळून पाहावे लागते. समजा, ऑगस्ट २०२३ मध्ये गेलेला विद्यार्थी अभ्यासक्रम व उमेदवारी संपवून ऑक्टोबर २०२५ मध्ये परतला. मार्चअखेर तो साठांहून अधिक दिवस भारतात राहिला आणि मागील चार वर्षांतील ३६५ दिवसांची अटही पुरी झाली. असा विद्यार्थी २०२५-२६ या वर्षासाठी बहुधा निवासी ठरतो आणि एप्रिल ते सप्टेंबर या काळातील अमेरिकेतील वेतन त्याने भारताच्या विवरणपत्रात दाखविणे आवश्यक होते. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून अमेरिकेत भरलेल्या आयकराची वजावट विहित नमुन्यात मागता येते. पण कराराच्या सवलतीने तेथील कर शून्य आला असेल, तर वजा करावयास काही उरत नाही आणि भारताचा कर येथील दरांप्रमाणे देय होऊ शकतो. घरी परतलेल्या मुलाने तेथील ‘डब्ल्यू-२’ व विवरणपत्राची प्रत जपून आणणे म्हणूनच गरजेचे असते.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

परदेशी निघालेला विद्यार्थी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात, गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रतींसाठी महाविद्यालयात आणि शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी समाजकल्याण कार्यालयात येतो. कराचे सर्व बारकावे त्यास समजावून सांगणे हे या कार्यालयांचे काम नाही आणि ते शक्यही नाही. परंतु चार गोष्टी कोणासही सांगता येतील. अमेरिकेत उतरल्याची आणि तेथून निघाल्याची प्रत्येक तारीख वहीत लिहून ठेवावी. पहिल्या वेतनचिठ्ठीवरील कपातीचे रकाने पाहावेत. उत्पन्न असो वा नसो, फॉर्म ८८४३ दरवर्षी पाठवावा. आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन अनिवासी विद्यार्थ्यांसाठी कोणती सोय आहे हे विचारावे. अनेक विद्यापीठे त्यांच्यासाठी खास संगणकीय सोय उपलब्ध करून देतात. उत्पन्न मोठे असेल किंवा त्याच वर्षात दर्जा बदलला असेल, तर जाणकार करसल्लागाराची फी देणे परवडते.

वजावटीची रक्कम आणि कराचे दर दरवर्षी बदलत असतात, म्हणून आकडे त्या त्या वर्षाचे पाहावेत. नियमांची चौकट मात्र समजण्यास कठीण नाही. आपली गणना निवासी की अनिवासी, पाचांपैकी कितवे वर्ष चालू आहे आणि कराराचे कलम आपणांस लागू आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या विद्यार्थ्यापाशी तयार असतील, त्याच्या कष्टाची कमाई विनाकारण कापली जाणार नाही आणि घरी थांबलेल्या कर्जाचा हप्ता वेळेवर जाईल.